लोहडीच्या पोत्यातली निळी जर्सी

‘जो सोडून गेला, त्याचं नाव लोहडीत गेलं. का, ते विचारायचं नाही.’

माझ्यावर नारळाचं पाणी शिंपडून मला सांगितलेला हा पहिला नियम. सांगणारे इंद्रजित काका होते. आजूबाजूच्या सगळ्या मोठ्या माणसांनी माना डोलावल्या होत्या.

मी एक फुटबॉलची जर्सी बोलतेय. रंगानं निळी, खांद्यांवर पांढरी पट्टी, छातीवर सुखना रोव्हर्स या चंडीगडच्या क्लबाचं चिन्ह. आत्ता मी गव्हाच्या जुन्या पोत्यात आहे. पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलंय, तरी भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास आत येतोय आणि त्याच्या मागोमाग धूरही. सेक्टरातल्या बागेत लाकडं रचून झाली, पेटवूनही झाली. पंजाबात संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे लोहडीला, अशी शेकोटी करतात, तिच्यात तीळ, रेवड्या, मक्याच्या लाह्या टाकतात, भोवती फिरतात. छान सण आहे. फक्त इथल्या शेकोटीत लाह्यांच्या नंतर आम्हाला टाकतात.

मला भीती वाटतेय. माणसाला भीती वाटली की तो हात छातीशी घेतो. माझ्या बाह्या रिकाम्या आहेत.

मला जालंधरला शिवलं. तिथे माझ्यासारख्या गठ्ठ्यानं निघतात. गठ्ठा चंडीगडच्या इंडस्ट्रियल एरियात आला आणि तिथल्या छपाईच्या दुकानात ऋचानं मला उचललं. ती तेव्हा युनिव्हर्सिटीत नुकतीच लागली होती. दुकानदारानं विचारलं, पाठीवर कुणाचं नाव? तिनं क्षणभरही न थांबता सांगितलं, परीक्षित.

दुकानदार हसला होता. परीक्षितचं नाव कुणी मागत नाही. तो डाव्या बाजूचा बचावपटू. चंडीमंदिरच्या छावणीत वाढलेला, मराठी सुभेदाराचा मुलगा. वडिलांची बदली झाली, घरचे सगळे गेले, हा खेळायला इथेच राहिला. गोल करत नाही, झळकत नाही, पण बॉल त्याच्या बाजूनं सहसा पुढे जात नाही. ऋचाला तो का आवडायचा ते तिनं कधी कुणाला समजावलं नाही. ती घरात मराठी ऐकते आणि उत्तर हिंदीत देते, त्यामुळे मोठ्या माणसांना वाटतं की तिला काही सांगायचंच नाही.

तिचे वडील विश्राम मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर आहेत. शांत माणूस. पेशंटला वाईट बातमी नीट सांगतात म्हणे. इंद्रजित काकांना मात्र साधी बातमीही सांगू शकत नाहीत. त्यावर येतेच.

काका मूळचे कोल्हापूरचे. तिथे फुटबॉल म्हणजे काय, हे कोल्हापूरबाहेरच्याला सांगून पटत नाही. पेठेची तालीम, तालमीचा संघ, आणि संघासाठी अख्खी पेठ मैदानात. काका तालमीकडून खेळले, मग सरकारी कंपनीत लागले, बदलीवर चंडीगडला आले आणि निवृत्त होऊन इथलेच झाले. त्यांचा जुना शर्ट अजून तालमीत खिळ्याला टांगलेला आहे, दर वर्षी कुणीतरी धुऊन परत टांगतं, हे ते प्रत्येक सामन्याला एकदा तरी सांगतात. सांगताना ते हातानं हवेत तो खिळा दाखवतात. ते प्रेम खोटं नसतं.

रोव्हर्सच्या चाहत्यांचा गट त्यांनीच जमवला. लोहडीचा नियमही त्यांचाच. पेठेची शिस्त आहे, ते म्हणायचे. त्यांचे मित्र बलकार अंकल, ज्यांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे, त्यांना पेठ म्हणजे काय ते आजही ठाऊक नाही. पण आग आणि सण दोन्ही त्यांच्या ओळखीचे, त्यामुळे त्यांना नियम लगेच पटला.

गेल्या लोहडीला मी ऋचाच्या अंगावर होते. दोन खेळाडू क्लब सोडून गेले होते. त्यांच्या नावाच्या दोघी जणी माझ्याच गठ्ठ्यातल्या. आम्ही सुती नाही, आम्ही जळत नाही. आम्ही वितळतो. आधी त्यांच्या बाह्या आक्रसल्या, थंडीत माणूस हात आत ओढून घेतो तशा. मग नावाची अक्षरं फुगली. मग काळे थेंब खाली पडायला लागले आणि थेंबांना निळी ज्योत होती. माणसं टाळ्या वाजवत होती. ऋचानं जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. थंडी होती म्हणून नाही, मला ते दिसू नये म्हणून. असं मी धरून चालले आहे.

मला तेव्हा भीतीचं कारण नव्हतं. परीक्षित कुठे जाणार?

मग या मोसमात आम्ही हरायला लागलो. एकच सामना जिंकलो, तोही मी ऋचाच्या अंगावर असताना. स्टँड रिकामं व्हायला लागलं. जानेवारीत क्लबांना नवे खेळाडू घ्यायची मुभा असते. डिसेंबरातच आमच्या मोठ्या माणसांना ज्वर चढला. कुणीतरी मोठं नाव हवं. असं नाव की पोस्टर लागलं पाहिजे, मोहालीची मंडळी गाड्या काढून आली पाहिजेत, दिल्लीवाल्यांनी फोन करून विचारलं पाहिजे.

आणि मग कास्तेलारचं नाव आलं.

अर्जेंटिनाचा, युरोपात खेळलेला, आता वय झालेला पण नाव अजून ताजं. कुणी आणलं ते नाव, देव जाणे. सकाळी अफवा होती, दुपारी बातमी झाली, संध्याकाळी काका त्याला कुठल्या जागी खेळवायचं यावर बलकार अंकलशी भांडत होते. त्यांचे चेहरे मी पाहिले आहेत. इतकी वर्षं संसार, बदल्या, गुडघे यांनी वाकलेली माणसं फोन हातात धरून लहान मुलांसारखी उजळली होती. मला त्यांचा राग येतो, पण ते चेहरे आठवले की राग जरा घोटाळतो.

एका टॅक्सीवाल्यानं सांगितलं की त्यानं विमानतळावरून एका उंच, दाढीवाल्या गोऱ्या माणसाला हॉटेलात सोडलं. बलकार अंकल म्हणाले, “पक्का वही है, जी.” तेवढं पुरलं.

आता शगुन करायचा होता. शगुन म्हणजे खेळाडू यायच्या आधीच त्याचं नाव एका जर्सीवर छापून ती बाल्कनीत टांगायची, नवरीच्या आधी बांगड्या आणून ठेवतात तशी. जर्सी मात्र जिंकलेली हवी. म्हणजे मी. ऋचा मैत्रिणीच्या लग्नाला अंबाल्याला गेली होती. काकांनी विश्रामना फोन केला. विश्राम घुटमळले, म्हणाले, तिच्यावर परीक्षितचं नाव आहे. तिला विचारतो.

काकांचं उत्तर फोनमधून मलाही ऐकू आलं. “परीक्षितचं काय एवढं? तो आहेच की.”

या तीन शब्दांइतकं मला त्यानंतर कुठल्याच आगीनं घाबरवलं नाही. जो असतोच, त्याचं नाव कुणीही खरवडू शकतं.

विश्रामनी मला घडी घालून गाडीत शेजारच्या सीटवर ठेवलं. वाटेत हॉस्पिटलात काही काम होतं. फाटकाशी एक टॅक्सी थांबली आणि तिच्यातून तो उंच, दाढीवाला गोरा माणूस उतरला. हातात अवजारांची पेटी. समोरून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी विश्रामना सांगितलं, नवं स्कॅनिंग मशीन बसवायला आलाय हा, नेदरलँड्सचा इंजिनियर, कालच पोचला.

विश्राम तसेच बसून राहिले. त्यांनी त्या माणसाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. इतक्यात फोन वाजला. काकांचा निरोप होता, लवकर छापून आण, सगळे थांबलेत. विश्रामनी काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. मग गाडी इंडस्ट्रियल एरियाकडे वळवली. तेव्हा मला कळलं की मला कुणी दुष्ट माणूस संपवणार नाही. मला एक सज्जन माणूस संपवेल, ज्याला वडीलधाऱ्यांचा हिरमोड बघवत नाही.

छपाईच्या यंत्राची तापलेली पाटी पाठीवर टेकली. गोंद सुटला, आणि परीक्षितचं एकेक अक्षर चिमट्यानं ओढून काढलं. खाली त्याचं नाव तरीही राहिलं. माझा रंग उन्हानं उतरला होता, अक्षरांखालचा तेवढा गडद होता. दुकानदार म्हणाला, हे जाणार नाही. विश्राम म्हणाले, वरून छापा. वरून कास्तेलार आला. त्याची अक्षरं बारीक, त्यामुळे दोन्ही टोकांना जुनी अक्षरं डोकावत राहिली.

मी काकांच्या बाल्कनीत लटकले. धुक्यात भिजायचे, उन्हात वाळायचे. येणारे-जाणारे हात लावून नमस्कार करायचे. अंबाल्याहून आलेल्या ऋचानं मला खालून पाहिलं. वर आली, दार ठोठावलं. काकांनी तिला लाडू दिला आणि सांगितलं की तिच्या जर्सीचं भाग्य उजळलंय, कास्तेलार आला की सही घेऊन परत देऊ. मोठी माणसं काही करतात ती विचार करूनच करतात. ऋचानं लाडू टेबलावर ठेवला आणि जिना उतरली. मला वाटलं, संपलं.

लोहडीच्या आदल्या दिवशी कास्तेलारनं दक्षिणेतल्या एका क्लबाचा स्कार्फ गळ्यात घातलेला फोटो टाकला. हसत होता. का हसू नये? त्यानं चंडीगडचं नावही कधी घेतलेलं नव्हतं.

काकांच्या घरात सुतक उतरलं. मग सुतकाचा राग झाला. बलकार अंकल म्हणत होते, धोका दिला. काका म्हणाले, “येणार होता आणि आला नाही, म्हणजे सोडून गेल्यासारखंच की.” विश्राम कोपऱ्यात बसून चहाच्या कपात बघत होते. मी बाल्कनीतून त्यांच्याकडे बघत होते. बोला. आता तरी बोला. त्यांनी कप उचलला आणि तोंडाला लावला.

म्हणून मी या पोत्यात आहे.

सुतळी सुटली. एक हात आत आला. तो माझ्यावरून गेला आणि माझ्याखालचीला घेऊन गेला. ती आमच्या जुन्या गोलकीपरची. तो खरोखर सोडून गेला होता, आजारी आईजवळ राहायला, गुवाहाटीला. बाहेर टाळ्या झाल्या. मग तो वास आला, प्लास्टिकचा, गेल्या वर्षीचा.

वाचणाऱ्यांनो, तुम्ही माझ्यासाठी काही करू शकत नाही, मला माहीत आहे. पण तुमच्या घरी एखादा नियम असेल, ज्याला ‘का’ चिकटवायची मनाई आहे, तर तो एकदा उलटून बघा. त्याखाली कुणाचं तरी नाव असतं.

हात पुन्हा आत आला. मी बाहेर आले. शेकोटीचा उजेड माझ्या पाठीवर पडला. काकांनी मला दोन्ही खांद्यांना धरून वर केलं, सगळ्यांना नाव दिसावं म्हणून. उष्णता इथूनच लागत होती. माझ्या खालच्या शिवणीनं अंग आखडायला सुरुवात केली.

तेवढ्यात माझी एक बाही कुणीतरी पकडली.

ऋचा होती. काकांनी ओढलं, तिनं सोडलं नाही. बलकार अंकल समजुतीच्या सुरात म्हणाले, “छोड दे, बेटा जी. रस्म है.” तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती बोलली ती मराठीत. सावकाश, शब्द शोधत, पण मराठीत, म्हणजे काकांना ते कळलं नाही असं म्हणता येऊ नये.

“ही मी देणार नाही, काका.”

“नियम ठाऊक आहे ना तुला?”

“आहे. पण तो आलाच कधी होता?”

काका काही म्हणणार, इतक्यात तिच्या मागून विश्राम पुटपुटले. आवाज इतका बारीक होता की लोकांना वळून बघावं लागलं. “टॅक्सीतला तो माणूस इंजिनियर होता. हॉस्पिटलात मशीन बसवायला आलेला. मला छापायच्या आधीच कळलं होतं.”

ऋचानं वडिलांकडे एकदाच बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मला सांगायचं नाही. मग काकांनी धरलेलं असतानाच तिनं मला उजेडात ताणलं. कास्तेलारच्या दोन्ही बाजूंनी माझी जुनी, गडद अक्षरं बाहेर आली होती.

“हे परीक्षितचं नाव आहे. तो कुठेही गेलेला नाही.”

“पोरी, तुला नाही कळायचं. पेठेत जो सोडून जातो…”

“तुम्हीही गेलात ना, काका? नोकरीसाठी. तुमचा शर्ट तालमीत खिळ्याला आहे, दर वर्षी धुतात, तुम्हीच सांगता.” तिनं माझी बाही आपल्या मनगटाभोवती गुंडाळून घेतली. “त्यांनी तो का नाही जाळला?”

काकांची बोटं माझ्या खांद्यावरून सुटली. ऋचानं मला ओढून आपल्या छातीशी घेतलं. बलकार अंकलनी आगीत टाकायला मूठभर लाह्या घेतल्या होत्या. त्यांनी त्या कोटाच्या खिशात परत घातल्या, आणि हात तसाच खिशात ठेवून उभे राहिले.