फाटकावरचा सॅव्हेज

मी सॅव्हेज बोलतोय. हो, तोच, इंग्रजीतला, ‘हिंस्र’ अर्थाचा. दचकू नका, चावत नाही. शब्दाला दात कुठून येणार?

आधी एक पैज लावू. माझ्या गोष्टीत एक कुत्रा आहे, एक फाटक आहे, डोळे गेलेली एक बाई आहे आणि फाटकावर टांगलेला मी आहे. शेवटी कुणाला भोगावं लागलं ते ओळखा. आत्ताच मनात धरा, मागून बदलायचं नाही. कुत्रा कुणाला तरी चावतो असं धरलं असेल, तर पहिलाच डाव गेला म्हणून समजा. तो कुणाला चावत नाही. बसा आता डोकं खाजवत.

आणखी एक गंमत. मला लिहिता-वाचता येत नाही. हसा खुशाल, शब्द असून अडाणी! पण आरशाला कधी स्वतःचं तोंड दिसलंय? लिहिणारे लिहितात, वाचणारे वाचतात, मी आपला लटकलेला. कानावर पडलं तेवढंच सांगतो.

माझं मूळ रानातलं. जुने लॅटिन बोलणारे लोक रानाला सिल्वा म्हणायचे. रानातलं जे काही असेल, फूल असो, डुक्कर असो, त्याला माझ्या आजोबांचं नाव लागायचं, सिल्वाटिकस. अर्थ एवढाच, की रानातला. त्यात ना दात, ना नखं, ना रक्त. पुढे तोंडातोंडी झिजत झिजत फ्रेंचांकडे सोव्हाज झालो, आणि तिथून इंग्रजीच्या घरात सॅव्हेज म्हणून घुसलो. फ्रेंच अजूनही रानफुलाला माझंच नाव लावतात. माझी एक चुलतबहीण आहे, सिल्व्हिया. तीही त्याच रानातली. तिचं नाव लोक लाडानं मुलींना ठेवतात आणि माझं नाव काढलं की दाराला कडी घालतात. एकाच घरातली भावंडं, पण नशीब बघा!

तुम्ही हसू नका. तुमच्या मराठीतल्या ‘रानटी’चं तरी काय केलंत? तोही बिचारा रानातलाच होता की.

बिघडलो कसा? मी नाही बिघडलो, मला बिघडवलं. शेतावर घर बांधून राहणाऱ्याला रानाची भीती वाटायची. भीती वाटते असं कोण कबूल करतो? त्यापेक्षा ‘ते लोक वाईट’ म्हणणं सोपं. मग जहाजं निघाली. परक्या किनाऱ्यावर माणसं फळं घेऊन पुढे यायची, आणि जहाजवाले मला खिशातून काढून त्यांच्या कपाळावर चिकटवायचे. मी चिकटलो की मागून बंदूक यायची. कपाळावर मी असलो ना, की मारणाऱ्याला झोप छान लागते. फळं देणाऱ्यानं दगड उचलला, की हे म्हणणार, ‘बघा, आम्ही म्हटलंच होतं!’

तेव्हापासून दमलोय हो. हल्ली पोरं एखाद्याचं झणझणीत उत्तर ऐकून ‘काय सॅव्हेज बोललास!’ म्हणतात आणि टाळ्या देतात. म्हाताऱ्याला रंगीत टोपी घालून नाचवावं तसं. नाचतो आपला.

आता फाटकाकडे येऊ.

एका शांत गल्लीत औषधाच्या दुकानातला कंपाउंडर आणि त्याची थोरली बहीण राहायची. सगळे तिला ताईच म्हणत. ताईची नजर हळूहळू गेली होती. भाऊ दिवसभर दुकानात, ताई घरी. दार बंद असलं की चालताना तिचं कपाळ त्यावर आपटायचं, म्हणून दार दिवसभर सताड उघडं.

घरात तिसरा होता पाव्हणा. हे कुत्र्याचं नाव. गावाबाहेरच्या झाडीतून कधीतरी पिल्लू असताना आला, ‘दोन दिवसांचा पाव्हणा आहे’ असं ताई म्हणाली, आणि तो गेलाच नाही. पिवळट अंग, एक कान कायम पडलेला. त्याच्या पट्ट्याला कापडाचा एक फास होता. ताई तो धरायची आणि संध्याकाळी दोघं कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत जाऊन यायची. खड्डा आला की तो थांबायचा. सायकल आली की अंगानं तिला भिंतीकडे सरकवायचा. ताईचं बाहेरचं सगळं जग त्या फासाच्या टोकाला होतं.

‘कोण कुणाला फिरवतंय, ताई?’ बेकरीवाला विचारायचा.

‘अरे, तो मला फिरवतो. मी त्याला फक्त गप्पा पुरवते.’

एकदा भर दुपारी एक अनोळखी माणूस थेट बाहेरच्या खोलीत येऊन उभा राहिला. ताईनं विचारलं, कोण? तो बोलला नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. थोड्या वेळानं निघून गेला, घेतलं काहीच नाही. पाव्हणा कुठे होता? त्या माणसाचे पाय चाटत होता.

भाऊ पार हादरला. दार बंद ठेवावं तर ताईचं कपाळ, उघडं ठेवावं तर हे. तो गेला पेंटरकडे.

‘कुत्र्यापासून सावध राहा, असं लिहून द्या.’

पेंटर हसला. ‘कंपाउंडरसाहेब, ते हर फाटकावर असतं. कुत्रा मरून गेला तरी पाटी असते. कोण भितो? इंग्रजीत टाका काहीतरी. वजन पडतं.’

‘काय टाकू?’

‘सॅव्हेज डॉग. लाल रंगात. खाली दात रंगवून देतो.’

‘दात नकोत हो. तो बिस्कीट भिजवून खातो.’

‘मग दात तर हवेतच!’

असा मी पत्र्यावर बसलो. खाली दातांचा जबडा, त्यातून लाल थेंब. मलाच माझी भीती वाटली.

ताईनं खिळ्याचा आवाज ऐकून आतून विचारलं, ‘काय रे ठोकतोयस?’

‘काही नाही ताई, पाटी. तू निवांत बस.’

भावानं हे मायेनं केलं, हे लक्षात ठेवा. मला कपाळावर चिकटवणारे सगळेच काही दुष्ट नसतात. तेच तर वाईट.

काम फत्ते झालं. विक्रेते फाटकातूनच परत जायला लागले. पण शेजारची मास्तरीणबाई, जी रोज पाव्हण्याचा पडका कान कुरवाळायची, ती पलीकडून चालायला लागली. ‘अहो, त्यांनीच लिहिलंय म्हणजे काहीतरी असणारच,’ असं ती बेकरीवाल्याला सांगत होती. तोच कुत्रा, तोच कान! बदललं काय, तर मी आलो.

मग शाळा सुटल्यावर पोरांचा खेळ सुरू झाला. मला मोठ्यानं वाचायचं, फाटकावर काठी आपटायची आणि पळायचं. आधी पाव्हण्याला वाटलं, खेळायला आलेत. शेपूट हलवत धावला. एक काठी नाकावर बसली. दुसऱ्या दिवशी तो धावला नाही. पुढे पुढे काठी दिसली की गुरगुरायला लागला. माझ्या अंगावर काटा आला. हे मी किनाऱ्यावर पाहिलं होतं.

‘हल्ली हा दचकतो रे,’ ताई भावाला म्हणाली. ‘पट्टा धरला की अंग थरथरतं त्याचं.’

‘वय झालं, ताई.’

पावसाळी हवेत एकदा मीटर बघणारा आला. नवा माणूस. त्यानं मला वाचलं, नीट दोनदा वाचलं, आणि छत्री मिटून काठीसारखी पुढे धरून फाटकातून आत शिरला. तो घाबरला होता, त्याचं काही चुकलं नाही. पाव्हण्याला छत्री दिसली नाही, काठी दिसली. तो भुंकला. माणसानं छत्री फिरवली. पाव्हण्यानं छत्रीचं टोक तोंडात धरलं. दोघांची ओढाताण झाली, माणसाचा पाय पायरीवरून सटकला आणि मनगट मोडलं.

आतून ताई ओरडत होती, ‘पाव्हण्या, सोड! कोण आहे? लागलं का कुणाला?’ तोवर त्यानं छत्री सोडली होती आणि त्या माणसाचा हात चाटत बसला होता. तो माणूस अजून जोरात ओरडायला लागला.

मग पालिकेचा साहेब आला. डॉक्टरनं सांगितलं होतं, दाताची खूण कुठेच नाही.

‘चावला नाही ना साहेब,’ भाऊ हात जोडून म्हणाला.

साहेबानं पेनानं माझ्यावर टकटक केलं. ‘हे कुणी लावलं?’

‘मीच. नुसतं भीती घालायला. तो तसा नाही हो.’

‘कुत्रा असा असेल, तर दार उघडं टाकलं ही तुमची चूक. असा नसेल, तर खोटं लिहून लावलंत. काय लिहू?’

भाऊ कुठल्याही बाजूनं बोलला तरी मी समोर टांगलेलाच.

‘साहेब, माझे डोळे आहेत तो,’ ताई दारात उभी राहून म्हणाली.

साहेब वाईट नव्हता. त्यानं टोपी काढली. ‘आजी, मी तरी काय करू? तुमच्याच फाटकावर लिहिलंय. उद्या खरंच कुणाला चावला, तर मला विचारतील, वाचता येत नव्हतं का?’

पाव्हणा पालिकेच्या कुत्र्यांच्या गाडीत बसायला कुरकुरला नाही. फिरायला निघालोय असं वाटलं असेल. गाडीशी जाऊन थांबला, आणि ताईनं फास धरावा म्हणून मागे बघत राहिला. गाडीवाल्यांनी त्याच्या गळ्यात दोरी लावली.

आता तो कोंडवाड्यात आहे, शेवटच्या पिंजऱ्यात. वर खडूनं मला लिहिलंय. शब्दाचं एक बरं असतं, एकाच वेळी दोन ठिकाणी लटकता येतं. पाळण्यासाठी कुत्रा न्यायला लोक येतात, पोरं त्याच्या पडक्या कानाकडे बोट दाखवतात, आयाबाप मला वाचतात आणि पोरांना पुढे ओढतात. पाव्हण्याला सोडावं म्हणून भाऊ अर्ज करून थकला. ‘तो शेरा काढता येत नाही,’ एवढंच उत्तर मिळतं. मला लावायला एक ब्रश पुरतो, काढायला मात्र कुणाचा हात पोचत नाही.

तेव्हा बाबांनो, हात जोडून एक मागणं आहे. मला थोडे दिवस रानात जाऊन पडू द्या. एखाद्या फुलावर बसेन, गवतावर बसेन. कुणाच्या कपाळावर, कुणाच्या फाटकावर नको. फार थकलोय.

बरं, पैज? कुत्रा धरला होता? भाऊ? मीटरवाला? मीटरवाल्याचं मनगट सांधलं, तो परत कामावर आहे. भावानं पाटी उतरवून मोरीमागे टाकली, आणि आता दार बंद ठेवतो, बाहेरून कडी घालून. ताईला एक पांढरी काठी आणून दिली. तिनं ती एकदा हातात घेतली आणि परत दिली. ‘ही बोलत नाही रे, थांबतही नाही. मी हिच्यासोबत कुठे जाऊ?’

ज्या बाईनं मला आयुष्यात एकदाही वाचलं नाही, तिनं माझी किंमत मोजली. संध्याकाळ झाली की ती चपला घालून बंद दाराशी बसते. भाऊ दुकानातून आला की खाली बसतो आणि त्या तिच्या पायांतून काढून ठेवतो.