दिव्याचं तेल

सुकलू ढिवराचं पत्र आलं की ते मास्तर वाचून दाखवत. 'समुद्रातल्या दिव्याला तेल पोचवतो,' एवढं ऐकलं आणि गुणाबाईच्या सासूने हातच जोडले. पोरगा देवाच्या सेवेला लागला, असं तिने गावभर केलं. गुणाबाईला मात्र वाटलं, कोणता देव असा पाण्यात जाऊन बसतो? तिला एकदा प्रश्न पडला की चुलीवरचा भात करपला तरी कळत नसे. तरी तिने नवस बोलला: धनी कायमचे घरी येईस्तोवर मासोळी तोंडाला लावणार नाही. वैनगंगेच्या काठी, ढिवराच्या घरात हे म्हणजे स्वतःचीच परीक्षा बघणं होतं.

दोन वर्षं अंबाडीच्या भाजीवर काढल्यावर ऐन पावसाळ्यात सुकलू आला. "आता नाई जात मी," म्हणाला. गुणाबाईचा जीव भांड्यात पडला. तिने लगेच मरळ चिरायला घेतली. तो ओसरीत बसून बोटांवर काहीतरी मोजत होता.

"देव कोन्ता हो तिथी?" तिने विचारलं.

"देव कायचा? खडकावर मनोरा हाये. वर दिवा. अंधारात जहाजायले खडक समजावा म्हनून."

"तिथी राह्यते कोन?"

"एक म्हातारा अन् त्याचा सोबती. मोठी बोट खडकापाशी गेली तं फुटन. मंग डोंग्यात डबे घालून मी नेतो. वरून दोर सोडतेत. लाटेनं डोंगा वर उचलला का तेवढ्यात डबा अडकवाचा."

"तुमी एकलेच?"

"दुसरा गडी होता. डोंगा अन् खडकाच्या मधात त्याचा पाय चेंगरला. म्हनून तं भेव खाऊन आलो."

"नवा गडी?"

"भेटला नाई."

"मंग तेल?"

"पावसाळ्याचं भरून ठेवलं हाये. दसऱ्यापर्यंत पुरन." त्याची बोटं पुन्हा मोजू लागली.

"अन् मंग?"

"दिवा इजन," सुकलू म्हणाला.

रस्सा उकळत होता, वास घरभर झाला होता. गुणाबाईला नवऱ्याचा राग आला, त्याहून स्वतःचा आला. नसत्या चौकशा केल्या नसत्या तर आज पोटभर जेवली असती.

तिने त्याच्या ताटात मरळीचं डोकं वाढलं. स्वतःच्या भातावर अंबाडी घेतली.

"तू काऊन नाई घेत? आलो ना मी."

"कायमचे कुठी आले?" ती म्हणाली. "जेवा. दसऱ्याच्या आधी पोचाचं तं चांद्याहून गाडीनं कधी निंगा लागते, ते सांगा."