अंबूबाईचं परडं

गणपतराव वरुटे चौतीस वर्षं इचलकरंजीत कापडाच्या मागावर होते. आधी कामगार, नंतर जॉबर. जॉबर म्हणजे बंद पडलेला माग चालू करून देणारा माणूस. घर मात्र कोल्हापुरात, फुलेवाडीत. रोज एसटीनं जायचं आणि यायचं. दिवसपाळी असली की उजाडायच्या आत घर सोडायचं, रातपाळी असली की दिवसभर तोंडावर चादर ओढून झोपायचं. त्यामुळं आपल्या घरात दुपारी ऊन कुठपर्यंत येतं हे त्यांना कळलं ते सहासष्टाव्या वर्षी, आजारी पडल्यावर.

खोकला जुना होता. मागाच्या खात्यात खोकला नसलेला माणूस सापडायचा नाही, म्हणून त्याकडं कुणी बघितलं नव्हतं. मग जिना चढताना धाप लागायला लागली, मग आंघोळ करताना, आणि गेल्या पावसाळ्यात तर चप्पल घालायला वाकलं तरी. डॉक्टरांनी छातीचा स्कॅन काढला आणि स्पष्ट सांगितलं. फुफ्फुसं आतून कडक होत चालली आहेत. झालंय ते भरून येणार नाही. पुढचं जेवढं लांबवता येईल तेवढं लांबवायचं. घरी ऑक्सिजनचं यंत्र लावा.

यंत्र आलं. गुडघ्याच्या वर येईल एवढं, खाली चाकं, पाठीमागं गरम हवा टाकणारी जाळी. ते माजघरात ठेवलं. त्याला सात मीटर नळी होती आणि तिचं टोक गणपतरावांच्या नाकात. नळी कॉटपर्यंत पोचायची, न्हाणीपर्यंत पोचायची, आणि मागच्या दारातून परड्यात दोन पावलं जायची. पुढच्या दारापर्यंत मात्र पोचायची नाही.

यंत्र बसवायला आलेल्या माणसानं नियम सांगितले. जाळ जवळ नको. गॅस चालू असताना स्वयंपाकघरात यायचं नाही. आठवड्यातून एकदा फिल्टर धुवायचा. लाईट गेली तर कोपऱ्यातला सिलेंडर लावायचा. गणपतराव भिंतीकडं बघत होते. त्यांच्या बायकोनं, अंबूबाईनं, सगळं ऐकलं आणि त्याच दिवशी परड्यातला पाणी तापवायचा बंब विझवला, तो कायमचाच. देवापुढचा दिवाही तिनं पुढच्या खोलीत नेला. लग्नापासूनची रीत मोडली.

पहिला महिना गणपतराव कॉटवर पडून होते. कुणी आलं तर डोळे मिटून घ्यायचे. नाकात नळी घातलेला आपला चेहरा कुणी बघू नये असं त्यांना वाटायचं. पुण्याहून मुलाचा, सम्राटचा फोन यायचा. "आबा, कसं वाटतंय?" "बरं हाय." एवढ्यावर फोन संपायचा.

थंडी पडायला लागली तशी घरातली मांजर, ठिपकी, यंत्राच्या पाठीमागं येऊन झोपायला लागली. तिथं गरम हवा यायची. ठिपकी अंबूबाईची. बंबाच्या लाकडांखाली जन्मलेली आणि गणपतरावांना कधी विचारात न घेतलेली. एका सकाळी त्यांना यंत्राचा आवाज जड वाटला. बाकी कुणाला तो कळला नसता. पण चारशे मागांच्या गोंगाटात बिघडलेला एक माग ओळखणारे कान होते ते. ते उठले, बाजूचं झाकण काढलं. फिल्टरवर मांजराच्या केसांची गादी झालेली.

"अगं, ह्यो धुतला न्हाईस वाटतं," ते म्हणाले.

"दर रविवारी धुतो की मी," अंबूबाई म्हणाली. कोल्हापूरकडच्या बायकांसारखी ती स्वतःबद्दल 'करतो, जातो' असंच बोलायची.

"दोन दिसाला धुवायला पायजे. आण हिकडं."

त्या दिवसापासून फिल्टर त्यांच्याकडं आला. धुवायचा तर पाणी परड्यातल्या नळाचं, आणि वाळवायचा तर पायरीवरच्या उन्हात. फिल्टर वाळेपर्यंत दुसरा लावून ते पायरीवर खुर्ची टाकून बसायला लागले. ठिपकी खुर्चीखाली. कधी ती नेमकी नळीवर बसायची, मग त्यांना श्वास कमी पडल्यासारखा व्हायचा आणि ते पायानं तिला हळूच सरकवायचे. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, घरात जनावर आहे का. अंबूबाईनं खरं ते सांगितलं. "झोपायच्या खोलीत येऊ देऊ नका, खोकला वाढला तर कळवा," डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर कॉटजवळची ठिपकीची पोत्याची घडी गणपतरावांनी स्वतः उचलली आणि पायरीजवळ टाकली. दोन दिवस ती दारावर नखं मारत राहिली, तिसऱ्या दिवशी पोत्यावर झोपली.

बसून बसून ते परडं बघायला लागले. कढीपत्ता आणि शेवगा त्यांना ओळखू येत होता. बाकी काही नाही.

"ती भितीकडंची पानं कसली गं?"

"अळू. अठ्ठावीस वर्षं फदफदं खाताय त्याचं."

"आणि ह्यो येल?"

"घेवडा. ह्यावर्षी काय खरं न्हाय त्याचं. मावा पडलाय."

घेवड्याच्या कोवळ्या शेंड्यांवर काळे बारीक किडे दाटून बसले होते. अंबूबाई दरवर्षी बंबातली राख उधळायची, त्यानं मावा जायचा. यंदा बंब नाही, त्यामुळं राखही नाही. हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, पण गणपतरावांच्या मनात ते राहिलं. त्यांनी कपड्याच्या साबणाचा चुरा पाण्यात कालवला, इस्त्रीच्या पाण्याची जुनी फवारणीची बाटली शोधून घेतली आणि पानांच्या खालच्या बाजूनं मारलं. एका वेळी चार-पाच पानं, मग खुर्ची. शिट्टी वाजवताना धरतात तसे ओठ धरून हळूहळू श्वास सोडायचा, दम खाली आला की परत चार पानं. सगळा वेल व्हायला तीन दिवस लागले. आठवड्यानं परत तीन दिवस. मावा गेला आणि वेलाला पांढरी फुलं आली. अंबूबाई वेलाजवळ बराच वेळ उभी राहिली. "साबणानं गेला म्हणायचा," एवढंच म्हणाली.

मग त्यांना चव लागली. बसल्या बसल्या हात पुरेल तिथलं गवत काढायचं, जास्वंदीच्या वाळक्या काड्या छाटायच्या. दोनदा शिव्याही खाल्ल्या. एकदा त्यांनी गवत समजून गवती चहाचा अर्धा गड्डा उपटला होता. दुसऱ्यांदा कढीपत्ता असा छाटला की महिनाभर फोडणीला शेजारच्या बयाबाईकडनं आणावा लागला.

संक्रांतीच्या आधी केरबा भेटायला आला. तोही इचलकरंजीचाच, एकाच खात्यात वीस वर्षं बरोबर काम केलेला. पुढच्या खोलीत कुणी दिसेना म्हणून तो सरळ मागं आला. गणपतरावांच्या मांडीवर शेंगांची पाटी होती, नाकात नळी होती. लपवायला वेळच मिळाला नाही.

"काय जॉबर, शेंगा निवडायलाय व्हय? आता भांडी बी घासा की," केरबा हसून म्हणाला.

"बस. तू बी निवड जरा," गणपतराव म्हणाले आणि पाटी मधे ठेवली.

केरबानं खुर्ची ओढली. खात्यातल्या गोष्टी निघाल्या. कोण गेलं, कुणाचे माग भंगारात गेले. मधेच केरबाला खोकला आला. तो बराच वेळ थांबेना. पाणी प्याल्यावर तो रुमालानं डोळे पुसत म्हणाला, "थंडीचा हाय."

"मी बी असंच म्हणत हुतो," गणपतराव म्हणाले. "दोन वर्षं म्हणत हुतो. जाऊन फोटो काढून घे छातीचा."

जाताना केरबानं डॉक्टरांचं नाव लिहून घेतलं.

जानेवारीच्या शेवटी सम्राट दोन दिवस आला. त्यानं जेवताना विषय काढला. पुण्याला चला. फ्लॅट मोठा आहे, लिफ्ट आहे, दवाखाना हाकेच्या अंतरावर, लाईट गेली तर सोसायटीचा जनरेटर.

"मी न्हाय येत," गणपतराव म्हणाले. "हितं माझं चांगलं चाललंय. सकाळी ऊन, मांजर, चार झाडं. मला आणि काय पायजे?"

"आबा, ऐका की. एकदा येऊन तरी बघा."

"आणि तिकडं बघू काय? समोरच्या बिल्डिंगीच्या खिडक्या?"

अंबूबाई भाकरी वाढत होती. ती खाली बसली. "तुमचं चांगलं चाललंय," ती म्हणाली. "खरंच हाय. तुमी बसलाय उन्हाला. मी बसलो का कधी तितं? पाणी मी मारायचं, झाडायचं मी, औषधं मी, रातीला दोनदा उठून मशीन बघायची ती मीच. गेल्या आखाडापासनं मी हे घर सोडून गल्लीच्या पलीकडं गेलेलो न्हाय."

आवाज चढला नव्हता.

"मग पुण्याला जायचं का गं?" थोड्या वेळानं गणपतरावांनी विचारलं. विचारताना त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही.

"पुण्याला जाऊन मी काय करू? तितंबी हेच. मला चार दिस आजऱ्याला भैणीकडं जाऊन यायचंय. दुसरं काय न्हाय."

एवढीच मागणी होती, आणि ती कुणी कधी विचारली नव्हती. सम्राटनं दुसऱ्या दिवशी इन्व्हर्टर बसवून घेतला आणि तज्ज्ञाला विचारून नळी दहा मीटरची केली. बयाबाईनं दोन वेळचं जेवण पोचवायचं कबूल केलं. झोपायला ती आपल्या नवऱ्याला पाठवणार होती. गणपतरावांनी तीनदा सिलेंडर लावून दाखवला, तेव्हा अंबूबाईनं पिशवी भरली.

"घेवड्याला एक दिवस आड पाणी. मोगऱ्याला रोज. ठिपकीला साय देऊ नगा, तिचं पोट बिघडतंय," ती एसटीला जाताना म्हणाली.

पहिल्या दिवशी घर फार मोठं वाटलं. गणपतरावांनी तांब्या तांब्यानं पाणी घातलं, एका तांब्यानंतर बसायचं. सगळ्याला पाणी घालून व्हायला सकाळचे दीड-दोन तास गेले. अंबूबाई हे वीस मिनिटांत करायची, आणि मग स्वयंपाकाला लागायची. हे गणित त्यांच्या डोक्यात दिवसभर राहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली. इन्व्हर्टरवर यंत्र चालू राहिलं, पण लाईट येईना. अडीच तासांनी इन्व्हर्टरची बॅटरी उतरली आणि यंत्र एक लांब पिप् करून बंद पडलं. गणपतराव परड्यात होते. पळावंसं वाटलं, पण पळणं म्हणजे दम संपवणं. ते भिंतीला धरून सहा पावलं चालले, थांबले, ओठ धरून श्वास सोडला. आणखी चार. सिलेंडरजवळ स्टूल होतं, त्यावर बसले. चावी लावली तर ती फिरेना. घट्ट बसली होती. डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. जॉबरचा हात मात्र शांत होता. त्यांनी चावी काढली, पुसली, पुरी खाली दाबून परत बसवली आणि मनगटानं नाही, खांद्यानं जोर दिला. फस्स करून हवा आली. नळी जोडली. मग पाच मिनिटं ते डोळे मिटून नुसते बसून राहिले. बयाबाईला फोन करायला त्यानंतरही बराच वेळ लागला.

संध्याकाळी अंबूबाईचा फोन आला. लपवावं असं त्यांना क्षणभर वाटलं. पण सांगितलं.

"येऊ का मी उद्या?" तिनं विचारलं.

"नगं. सिलेंडर लागला की. तुझं चार दिस पुरं कर."

"बरं," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी ती आली ती चेहरा बदलूनच आली. बहिणीबरोबर काजूच्या बागेत हिंडली होती, रवळनाथाच्या देवळात जाऊन आली होती, दुपारी झोपली होती. दुपारी झोपल्याचं तिनं दोनदा सांगितलं. पिशवीतून घनसाळ तांदूळ निघाला, भाजलेल्या काजूची पुडी निघाली आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काजूचं वीतभर रोप.

"हे कशाला आणलंस?" गणपतराव म्हणाले. "ह्याला काजू लागायला चार-पाच वर्षं जात्यात."

"जाऊ द्यात की."

दोघांनी जागेवरून थोडा वाद घातला. त्यांना पायरीजवळ हवं होतं, ती म्हणाली काजू पसरतो, कोपऱ्यात लावू. दहा मीटरची नळी कोपऱ्यापर्यंत पुरली. खड्डा अंबूबाईनं काढला. गणपतराव पाटावर बसून रोप सरळ धरून होते आणि ती माती लोटत होती. ठिपकी उकरलेल्या मातीत नाक घालायला आली, तिला अंबूबाईनं हाकललं.

पुढं उन्हाळ्यात डॉक्टरांनी यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा दोनाचा तीन केला. गणपतरावांना आता पाणी घालायला अडीच तास लागतात. दर दोन महिन्यांनी अंबूबाई चार दिवस आजऱ्याला जाते, आणि तेवढे दिवस सगळं पाणी ते घालतात. काजूला सहा नवी पानं आली आहेत.