धुतलेली द्राक्षं

आमच्या घरात स्वच्छ व्हायची राहिलेली एकमेव वस्तू म्हणजे मी, आणि तीही बायकोने नाद सोडला म्हणून. नवा साबण वापरण्याआधी धुऊन घेणारी बाई आहे ती. हे आधी सांगितलेलं बरं.

सूनबाईने यंदा मोठ्या वाइन कारखान्यातली नोकरी सोडून घरामागच्या शेडमध्ये स्वतःची पहिली वाइन करायला घेतली. चिरंजीव अजून त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहेत. त्यामुळे जेवणाच्या टेबलावर दोन पक्ष असतात आणि मी निमूटपणे पाणी पितो.

"बाबा, सोपं आहे," सूनबाईने मला समजावलं होतं. "सेंद्रिय वाइन म्हणजे बागेत रासायनिक खत नाही, फवारणी नाही. पुढे रसात पाकिटातलं यीस्ट घातलं, टिकण्यासाठी आणखी थोडं काही घातलं, तरी ती सेंद्रियच. माझी नैसर्गिक. बागेत काही नाही आणि टाकीतही काही नाही."

"मग आंबणार कशाने?"

"सालीवर यीस्ट आपलं आपण येऊन बसलेलं असतं. ते करतं सगळं."

"आणि तू काय करतेस?"

"काळजी."

एका हॉटेलवाल्या बाईंनी शब्द दिला होता : काहीही न घातलेली वाइन जमली, तर सगळी मी घेते. जमली तर शेड चालू राहणार होती. नाहीतर सूनबाई परत कारखान्यात, खाली मान घालून.

आमच्या बागेतून द्राक्षांचे क्रेट आले. ती चिरडली, रस सालींसकट टाकीत गेला. टाकी नवी, सोड्याने घासलेली. आणि मग काहीच झालं नाही. ना बुडबुडा, ना फेस. सूनबाई टाकीत डोकावून डोकावून वाळली. वर बुरशी धरली तर सगळंच फेकायचं होतं.

जेवताना बायकोने प्रेमाने विचारलं, "अगं, चांगली होतेय ना? तू द्राक्षं चिरडायच्या यंत्राचा पट्टा आणायला गेलीस ना, तेवढ्यात घड न् घड कोमट पाण्यात धुतला मी. चांगल्या टॉवेलनी पुसलासुद्धा. म्हटलं, सांगायचं कशाला."

मी तेव्हा न्हाव्याकडे होतो. माझे केस वाचले असते तर द्राक्षंही वाचली असती.

चिरंजीवांनी खिशातून यीस्टचं पाकीट काढलं. "अगं, हे घाल आणि मोकळी हो. सेंद्रिय म्हणून वीक. शेडमध्ये कोण बघतंय?"

"मी असते ना तिथे," सूनबाई म्हणाली.

बायकोने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला उमगलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि स्वच्छ भांडी घासू लागली. तिचं रडणं असं असतं. सूनबाई मागोमाग गेली, मी दाराशी थांबलो.

"आई, नळ बंद करा. वेलींवर उंचावर काही घड राहिलेत. ते आणून विरजण लावू."

"वाइनला विरजण?"

"दह्यासारखंच. थोड्याशा रसात यीस्ट वाढवायचं, मग टाकीत घालायचं. मला टाकीपासून हलता येणार नाही. पातेलं तुम्ही सांभाळायचं."

"माझ्या हातात? पुन्हा?"

"तुमच्याच. फक्त धुवायचं नाही."

एवढी कठीण अट तिला उभ्या जन्मात कुणी घातली नव्हती. मी शिडीवर चढून घड काढले. धुळीने माखलेले.

"अहो, यावर कोळी आहे हो!"

"मग त्याला उतरायला सांग."

तिने कागदावर घेऊन त्याला खिडकीत सोडलं, हात पाठीमागे बांधले आणि दीर्घ श्वास घेतला. मग द्राक्षं कुस्करली. पातेल्यावर फडकं बांधून ते शेगडीजवळ ठेवलं, येता-जाता ढवळलं. मला त्या बाजूला शिंकायचीही बंदी होती. अखेर फेस आला, घरभर पावाच्या भट्टीसारखा वास सुटला. पातेलं टाकीत रिकामं झालं आणि आम्ही पुन्हा वाट पाहत बसलो.

"आई! या, या लवकर!" दुसऱ्या दिवशी शेडमधून हाक आली. साली फुगून वर आल्या होत्या. आत बारीक बुडबुड चालली होती. बायकोने टाकीला कान लावला.

"बोलतेय गं!" मग ती सूनबाईकडे वळली. "दुसरी असती तर जन्मभर ऐकवलं असतंन मला. तुझे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले, आई? कारखान्यात हाताखाली ढीगभर माणसं होती. माझ्या कामासाठी कंबर मोडेपर्यंत घड पुसत कुणी बसलं नव्हतं. त्या दिवशी राग आला, खोटं कशाला बोलू. पण हेही मनात आलं."

दोघी गळ्यात पडल्या. चिरंजीव लाकडी दांड्याने साली खाली दाबू लागले, आई सांगेल तितक्याच जोराने. माझी गरज कुणालाच नव्हती. मी टाकीवर हळूच थोपटलं आणि म्हणालो, "आभारी आहे." आभारप्रदर्शन नेहमी माझ्याच गळ्यात पडायचं, त्यामुळे किती सभांच्या शेवटी मी हे म्हटलंय. त्यातली बहुतेक भाषणं ऐकलीही नव्हती. ही टाकी मात्र मी बराच वेळ ऐकत उभा होतो.