कोरी नळी

कारखान्यातल्या व्हार्निशच्या खोलीत वास असा दाटला होता की नाकातले केस जळावेत. टेबलावर दोन यंत्रं शेजारी शेजारी हवा ओढत होती. एक प्रयोगशाळेचं, चांगलं धूड. दुसरं खिशात मावेल एवढं, धाकट्या भावाने रात्रंदिवस खपून केलेलं. ते तपासायचं काम थोरल्या बहिणीच्या वाट्याला आलं. हे काम येणारं दुसरं कुणी नव्हतंच. कारखानदाराला आजच उत्तर हवं होतं. यंत्र कसाला उतरलं तर तो घेणार, नाहीतर भावाला गाशा गुंडाळावा लागणार.

युक्ती सोपी असते. यंत्रात कोळशाचे कण भरलेली काचेची नळी बसवतात. गुळाच्या ढेपेला मुंग्या चिकटाव्यात तशा व्हार्निशच्या वाफा त्या कणांना चिकटतात. मग त्या सोडवून मोजायच्या. प्रत्येक यंत्रासोबत एक कोरी नळीही न्यायची. तिच्यातून हवा ओढायची नाही, म्हणजे तिच्यात काही सापडता कामा नये.

दुपारी दोन्ही यंत्रांचे आकडे आले.

"ताई, तंतोतंत जुळले! आता तरी म्हण, पोरगं हुशार आहे."

"तुझी कोरी नळी बघ. तिच्यातही वाफा आहेत, भरपूर."

"आणि तुझी?"

"स्वच्छ. नळ्यांवर नंबर कशाने घातलेस?"

"मार्करने. टोपणाखाली झाकले जातात, म्हणून टोपण काढून..." तो मध्येच थांबला. मार्करचा वास त्यालाही ठाऊक होता.

"तोंड उघडं आणि वर ओली शाई. कोळसा येईल त्याला धरतो, बाबा."

"मग कोरीचा आकडा वजा कर ना. उगाच कीस कशाला काढतेस?"

"प्रत्येक नळीत शाई सारखीच गेली असेल तर करते. गेली?"

त्याने नळ्या एकेक करून पाहिल्या; शाई कुठे जाड होती, कुठे पुसट.

"म्हणजे जुळले ती बोलाफुलाची गाठ. यंत्र वाईट आहे असं मी म्हणत नाही. चांगलं आहे असंही म्हणता येत नाही."

"सख्खी बहीण ना तू?"

"म्हणून तर आधी तुला सांगितलं."

भावाने मार्कर कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग स्वतःच कारखानदाराला फोन लावला. "आजचे आकडे धरू नका. चूक माझी आहे." पलीकडचं बोलणं त्याने ऐकून घेतलं.

"काय म्हणतो?"

"दुसऱ्या कुणाचं यंत्र बघतोय." त्याने आपलं यंत्र पुसून पेटीत ठेवलं. "ते तपासणार कोण?"

"मीच."

"बिचारा तो दुसरा!" तो म्हणाला, आणि त्याला हसू फुटलं.