दुकान तेच, पाटी नवी

मी दुकानाची पाटी बोलतेय. खरं तर ओरडतेय; पण दारावर टांगलेल्या पत्र्याचं ऐकतो कोण?

मालकांनी मला मोठ्या हौसेनं आणलं आणि माझ्यावर ठळक अक्षरांत लिहून घेतलं, 'चपला'. समोरच्या चपलांच्या दुकानात गर्दी होती ना! आपल्या चपला कुणाला आवडतात का, हे कळायच्या आत शेजारी मोबाइलच्या कव्हरांसाठी झुंबड उडाली. मी झाले 'कव्हर'. मग पलीकडे रसाचं दुकान निघालं. मी झाले 'ताजा रस'.

आमचा पेंटर जुना रंग खरवडत नाही, वरूनच फासतो. ऊन पडलं की खालची अक्षरं डोकावतात. एकदा एका आजोबांनी मान वर करून विचारलं, "काय हो, चपलांचा रस गोड असतो का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एवढे धंदे आले नि गेले, पण एका कामाचं गिऱ्हाईक कधी तुटलं नाही. दुकानात मागे, पडद्याआड, मालकीणबाई शिलाई मशीन घेऊन बसतात. दप्तर, पर्स, प्रवासाची बॅग, कशाचीही चेन बिघडली की लोक रसाच्या यंत्राला वळसा घालून त्यांच्याकडे जातात. ते मात्र माझ्यावर कधीच लिहिलं नाही. "चेन बसवणं हा काय धंदा झाला?" मालक म्हणतात.

परवा कोपऱ्यावरच्या केकच्या दुकानापुढे रांग लागली.

"मशीन विकायचं आणि ओव्हन घ्यायचा," मालकांनी जाहीर केलं.

"अहो, केक करता येतो का तुम्हाला?" मालकीणबाईंनी विचारलं.

"शिकता येतं सगळं."

"रसाच्या वेळीही हेच म्हणाला होतात. अर्धा रस आपणच प्यायलो."

मालकांनी त्याच दिवशी मशीनला गिऱ्हाईक शोधलं.

आज सकाळी पेंटरनं मला पांढरी फटक केली. तेवढ्यात मशीन न्यायला माणूस आला. मालकीणबाईंचे डोळे भरले होते, पण हात थांबले नाहीत. "हातातलं दप्तर पुरं होऊ द्या," त्या म्हणाल्या. बाजूला आणखी तिघी उभ्या होत्या. माणूस ताटकळला. मग खांद्यावरची बॅग हळूच पुढे करत म्हणाला, "वहिनी, हिचीही चेन बघता का? कधीची सेफ्टी पिन लावून फिरतोय."

"बघते की. पण या तिघींच्या मागं उभे राहा."

"शेठ, काय लिहू?" शिडीवरून पेंटर विचारतोय. ब्रशवरचा रंग वाळत चाललाय. मालक रस्त्यात उभे राहून कोपऱ्यावरच्या रांगेकडे टक लावून बघतायत.

अहो मालक, दुसऱ्याची रांग किती दिवस बघणार? एकदा तरी मागे वळा. मशीन न्यायला आलेला माणूससुद्धा आपल्याच दुकानात रांगेत उभा आहे!