पाचवा पेढा

“सर, माणूस पाच वर्षांचा होईपर्यंतच जर घडून तयार होतो, तर आम्हाला नववीपर्यंत बाकावर कशाला बसवलंय?”

प्रश्न माझा नव्हता. माझ्या बाकावरच्या सखी आणि हौसानं पैज लावली होती. “चंद्रे, विचारून दाखव. आठवडाभर आमच्या डब्यातली सुकटीची चटणी तुझी.” गेल्या दिवाळीपर्यंत मी हजेरीलासुद्धा नुसती मान हलवायचे. मग गॅदरिंगला आभार मानायचं काम माझ्या गळ्यात पडलं, टाळ्या वाजल्या, आणि तेव्हापासून माझं तोंड मिटतच नाही.

केसरीनाथ सर नुकतेच बी.एड. होऊन आलेत. गणिताचे सर रजेवर, म्हणून ते आपल्या बी.एड.च्या वहीतून आम्हाला व्यक्तिमत्त्व शिकवत होते. परदेशातला एक डॉक्टर म्हणतो, पहिल्या पाच वर्षांत स्वभावाचा पाया पक्का. दुसरा पंडित म्हणतो, बक्षीस आणि शिक्षा देत गेलं की कुठल्याही पोराचं काहीही बनवता येतं. तिसरा म्हणतो, माणूस म्हातारपणापर्यंत आठ पायऱ्या चढतच असतो.

माझा प्रश्न ऐकून सरांनी खडू खाली ठेवला. पहिल्या रिकाम्या बाकावर येऊन बसले आणि फळ्याकडे बघत म्हणाले, “मलाही हेच विचारायचं होतं गं. हिंमत झाली नाही.” घंटा होईपर्यंत ते तिथंच. बाहेर पडतानाही आमच्या मागे रांगेत उभे राहिले.

चटणी मिळाली. पण हे सगळं दारातून बघत होते शाळेचे शिपाई चिंधूकाका, आणि ते नारपोलीत आमच्याच चाळीत राहतात.

संध्याकाळी घरी पोचले तर बाबा आईला सांगत होते, “गोदू, पोरीनं मास्तरला गप केलाय!” बाबा लूमवर जॉबर आहेत, बिघडलेले माग दुरुस्त करतात. मी ऐटीत दप्तर ठेवलं. तेवढ्यात म्हणाले, “आन् बरोबर हाय तिचा. मागावर बीम चढला का कापड ठरला. मंग शाळा कशाला? परीक्षा झाली का चंद्रा माझ्यासंगती कांडी भरायला.”

बीम म्हणजे उभं सूत गुंडाळलेला मागाचा मोठा रूळ. आणि कांडी भरायची म्हणजे दिवसभर छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळत बसायचं. तिथं मागांच्या खटखटाटात बोललेलं शेजारणीलाही ऐकू जात नाही. आणि मला तर आत्ता कुठे आवाज फुटला होता!

आधी मी दुसऱ्या पंडिताला कामाला लावलं. पंधरा दिवसांपूर्वी माझ्या वाढदिवसाला आणलेल्या पेढ्यांचं रिकामं खोकं होतं, त्यात चिक्कीचे तुकडे भरले. बाबांनी ‘शाळा’ म्हटलं की एक तुकडा हातावर.

बाबा म्हणाले, “शाळा बंद.” चिक्की खाल्ली. जरा विचार करून म्हणाले, “शाळा बंद, शाळा बंद, शाळा बंद,” आणि हात पुढे केला.

मग आठ पायऱ्या सांगितल्या. आईला त्या फार आवडल्या. “अगं, तुझ्या बापाची कंची पायरी?”

“मी काय जिना हाय?” बाबा भडकले.

रविवारी शेवटचा उपाय म्हणून सरांनाच घरी बोलावलं. बाबांनी त्यांना बीमचं सगळं समजावलं. सरांनी बशीतला चहा संपवला, डोळे पुसले आणि हळूच विचारलं, “सावळारामभाऊ, कांडीवर आणखी एक जागा असेल का?”

आई आत जाऊन पदरात हसली. बाबांना मात्र घाम फुटला. “अवो मास्तर, तुमी शिकलेली मान्सं...”

म्हणजे आता मलाच बोलायला हवं होतं. मी पेढ्यांचं खोकं उचललं आणि मधोमध उभी राहिले, गॅदरिंगला उभी होते तशी.

“बाबा, अठ्ठावीस फेब्रुवारीला मी पेढा मागितला की तुम्ही काय म्हणता?”

“आज जन्मली न्हायस, तं पेढा कसला?” बाबा म्हणाले. गुणाबाई सुईणीनं मला एकोणतीस तारखेला हातात घेतलं, तेव्हापासून त्यांचा हा नियम आहे. तीन तीन वर्षं मी रडले, पण खोट्या तारखेला पेढा नाही म्हणजे नाही.

“यंदा कितवा वाटलात?”

बाबांनी बोटं मोजली. माझ्या जन्माचं साठ साल सोडून परत मोजली. “चवथा.”

सर ताठ बसले.

“मग आई, बाबा, दोघंही ऐका, माझं ठरलंय,” मी म्हटलं. “मी चार वर्षांची आहे. माझा बीम अजून भरतोय आणि अर्ध्या बीमवर कापड विणायला मी कुणाला देणार नाही. पाच पुरी होतील ऐंशी सालच्या एकोणतीस फेब्रुवारीला. तोवर आधी शाळा, मग कॉलेज. पाचवा पेढा खाल्ला की कांडीचं बोलू. आणि सर, तुम्ही उद्या वेळेवर या, हजेरी आहे.”